स्मरणरंजन आणि बघण्याची जागा : दूरदर्शनकालीन बालपणाच्या मराठी आठवणींसंबंधी

एक

'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेला मराठीत दोन प्रतिशब्द वापरले जातात : 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता'. दोन्ही एकाच अर्थाने योजले जात असले तरी त्यांचा रोख भिन्न आहे. गतकातरता हा शब्द आठवणाऱ्याच्या मनातील दुखऱ्या जागेकडे निर्देश करतो, तर स्मरणरंजन हा त्या जागेला हात लावण्यातून मिळणाऱ्या सुखाकडे. योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात ही पाश्चात्त्य संज्ञा घडवली, तेव्हा ती एका आजाराचे नाव होती. घरापासून दूर पडलेल्या स्विस माणसांना तो आजार जडे आणि रुग्णाला घरी परत नेणे हा त्यावरचा उतारा मानला जाई. मूळ कल्पनेत तुटलेपण स्थळाचे होते, त्यामुळे ते भरून निघण्याची शक्यताही होती. पुढे ही संज्ञा काळाला लागू झाली आणि उतारा संपला. मराठीने दोन शब्दांपैकी 'स्मरणरंजन' अधिक आपलासा केला, यात या स्थित्यंतराचा आणखी एक टप्पा नोंदला गेला आहे असे म्हणता येईल. आजाराची करमणूक झाली, आणि करमणुकीला वाचकवर्ग मिळाला.

गेल्या दोन-तीन दशकांत या वाचकवर्गासाठी दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून जे ललित गद्य लिहिले गेले, त्यात दूरदर्शनच्या जुन्या मालिकांच्या आठवणींचा वाटा मोठा आहे. या लेखनाचे संकेत आता पक्के झाले आहेत. लाकडी खोक्यातला कृष्णधवल संच, कौलांवरची अँटेना, ती फिरवणारा थोरला भाऊ आणि खालून त्याला दिली जाणारी ओरडून उत्तरे, पडद्यावरच्या मुंग्या, 'व्यत्यय' अशी पाटी, रविवार सकाळचे ओस रस्ते. या तपशिलांचा क्रम बदलतो, संच बदलत नाही. शेवटाकडे आजच्या शेकडो वाहिन्यांचा आणि हातातल्या मोबाइलचा उल्लेख येतो व 'तेव्हाची मजा आता नाही' अशा अर्थाच्या वाक्यावर लेख थांबतो.

समीक्षेने या लेखनाकडे फारसे पाहिलेले नाही. ते हलके, प्रासंगिक, फार तर लघुनिबंधाच्या उतरत्या परंपरेतले म्हणून बाजूला ठेवले गेले. परंतु एका संपूर्ण पिढीने आपले बालपण ज्या रूपबंधात सांगितले तो रूपबंध केवळ हलका आहे म्हणून दुर्लक्षणीय ठरत नाही. या लेखनाचा व्याकरणिक कर्ता जवळजवळ नेहमी 'आम्ही' असतो. 'आम्ही सगळे जमायचो', 'आख्खी आळी लोटायची', 'गाव एका घरात मावायचे' अशी त्याची वाक्यरचना. हे अनेकवचन कोणाचे, कोणाच्या घरात, आणि घराच्या नेमक्या कोणत्या भागात, हा प्रश्न मात्र विचारला गेलेला नाही. मुंबई-पुण्याच्या अनुभवावर हा प्रश्न लावून पाहिला तर उत्तर आधीच ठरून येते, कारण हे संकेत घडले ते तिथल्याच चाळींत आणि वाड्यांत. म्हणून येथे नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव समोर ठेवले आहे. सोनईच्या घराघरांतील आठवणी गोळा करणे हा हेतू नाही. नकाशावरच्या त्या बिंदूवरून पाहिले असता स्मरणरंजनाचा रूपबंध कोठे ताणला जातो, एवढेच तपासायचे आहे.

दोन

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. उंचावरच्या समर्थ प्रक्षेपकाचाही भरवशाचा पल्ला शंभरएक किलोमीटरचा. सोनई सिंहगडापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून अधिक आणि मुंबईपासून दोनशेच्या पलीकडे आहे. एखाद्या हौशी बागायतदाराने उंच बांबूवर अँटेना चढवून मुंग्यांच्या पडद्याआड हलणाऱ्या आकृत्या पाहिल्याही असतील. पण नियमित पाहणे ज्याला म्हणतात ते शक्य नव्हते. त्यामुळे मराठी स्मरणरंजनाने ज्यांना अभिजाततेचा दर्जा दिला ते सत्तरच्या दशकातले कार्यक्रम, 'गजरा', 'किलबिल', दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, हे सोनईत वाढणाऱ्या त्या काळच्या मुलाच्या बालपणात नव्हतेच. आज पन्नाशी-साठी गाठलेला सोनईचा माणूस त्यांच्याविषयी आत्मीयतेने बोलत असेल, तर ती आत्मीयता पुढे वाचनातून आणि यूट्यूबवरच्या तुकड्यांतून कमावलेली असणार. अशा आठवणीला 'उसनी आठवण' म्हणता येईल. मॉरिस आल्ब्वाक्स याने १९२५ मध्येच दाखवून दिले होते की व्यक्तीची स्मृती समूहाने पुरवलेल्या चौकटीत उभी राहते. येथे मात्र चौकट पुरवणारा समूह आणि आठवणारा माणूस यांच्यात शेकडो किलोमीटरचे अंतर आहे. उसनी आठवण खोटी नसते. पण ती घेताना स्वतःच्या बालपणातली एक रिकामी जागा झाकली जाते, आणि त्या रिकाम्या जागेचे काय झाले हे कोणी लिहीत नाही.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ या एका वर्षात देशभर शंभराहून अधिक लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. या प्रक्षेपकांचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरचा. जिल्ह्याच्या ठिकाणी असा प्रक्षेपक असला तरी सोनई नगर शहरापासून सरळ रेषेत तीस किलोमीटरहून थोडी लांब, म्हणजे कडेवर पडते. उंच अँटेना ही गोष्ट शहरी लेखनात गमतीचा तपशील म्हणून येते. कडेवरच्या गावात ती चित्र दिसण्याची अट होती आणि तिला पैसे लागत.

अधिक महत्त्वाचे असे, की हे प्रक्षेपक प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून उचलून पुढे सोडण्यासाठी उभारले गेले. मराठी कार्यक्रम राज्यभर पोचण्याची सोय नंतरची. त्यामुळे मुंबईच्या मुलाला दूरदर्शन आधी मराठीत भेटले आणि मग हिंदीत. खेड्यातल्या मुलाला ते थेट हिंदीत भेटले. मनोहर श्याम जोशी यांची 'हम लोग' (१९८४-८५), पाठोपाठ 'बुनियाद', रामानंद सागर यांचे 'रामायण' (२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८) आणि बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' (२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०) हा त्याच्या बालपणाचा दूरदर्शनपट. राही मासूम रझा यांची संस्कृतप्रचुर हिंदी नेवासे तालुक्यातल्या मुलाच्या कानावर पडली तेव्हा ती त्याला किती कळली, कीर्तनातल्या आणि पोथीतल्या शब्दांच्या आधाराने किती भरून काढावी लागली, हा भाषिक अनुभव मराठी ललित गद्यात अपवादानेच उमटला आहे. मराठी स्मरणरंजन हिंदी मालिकांविषयी मराठीतून लिहिते आणि मधला अनुवाद गाळते. देशीवादी समीक्षेने भाषेच्या उतरंडीविषयी एवढे लिहून ठेवले असता ही बाब तिच्याही नजरेतून सुटावी, हे नोंदण्याजोगे आहे.

एकाच कार्यक्रमाचे दोन ठिकाणी काय होते याचे चांगले उदाहरण 'आमची माती, आमची माणसं' हे आहे. मुंबईकर आठवणींत हा शेतीविषयक कार्यक्रम हमखास विनोदाचा विषय असतो : तो संपण्याची वाट पाहत मुले बसलेली असत, बियाणे आणि कीड यांची चर्चा कोणाला कळत नसे. उसाच्या पट्ट्यात तोच कार्यक्रम संचाच्या मालकाला उद्देशून बोलत होता. मुळा धरणाचे पाणी आणि सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना यांनी या परिसरात जी बागायती समृद्धी आणली, तिच्यातूनच संच विकत घेणे शक्य झाले. मुंबईच्या आठवणीत जो कंटाळा आहे तो येथे घरातल्या कर्त्या पुरुषाचा हक्काचा वेळ ठरतो आणि त्या वेळात मुलांनी गप्प बसायचे असते. एक आठवण हसते, दुसरी दबून बसते. संहिता एकच आहे.

तीन

रेमंड विल्यम्स याने १९७४ च्या आपल्या ग्रंथात दूरचित्रवाणीचे वैशिष्ट्य 'प्रवाह' या संकल्पनेने सांगितले. तिथे सुटे कार्यक्रम नसतात, एकातून दुसऱ्यात अखंड वाहत जाणारी मालिका असते. दूरदर्शनच्या एकवाहिनी काळाला ही संकल्पना जशीच्या तशी लागू पडत नाही. ते प्रक्षेपण ठरावीक तासांचे होते, त्याला आरंभ आणि शेवट होता, मध्ये खंड होते आणि वीज गेली की प्रेक्षकाच्या बाजूनेही खंड पडे. आठवणींत कथानकापेक्षा हे खंडच अधिक भरतात. 'रामायणा'च्या कोणत्या भागात काय घडले हे सांगणारे लेख शोधावे लागतात. वीज गेल्यावर काय झाले हे सांगणारे पुष्कळ सापडतात. खेड्यांतून भारनियमनावर ट्रॅक्टरच्या बॅटरीचा उपाय केला जाई. पण त्यासाठी आधी ट्रॅक्टर लागतो, हे वाक्य स्मरणरंजनात येत नाही.

या लेखनात पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमापेक्षा पाहण्याची मांडणी केंद्रस्थानी आहे, असा निष्कर्ष यातून निघतो. दूरदर्शनची आठवण ही बैठकीची आठवण आहे. बेनेडिक्ट अँडरसनने १९८३ मध्ये वृत्तपत्रवाचनाला आधुनिक राष्ट्राचा सामूहिक विधी म्हटले. प्रत्येक जण ते एकट्याने वाचतो आणि असंख्य अनोळखी माणसे त्याच वेळी तेच वाचत आहेत अशी कल्पना करतो. रविवार सकाळच्या गावात याच्या उलट घडत होते. एकत्र पाहणारी माणसे परस्परांना दिसत होती, नावाने, घराने आणि जातीने ओळखत होती. तिथे समूहाची कल्पना करावी लागत नव्हती. समूह आपल्या सगळ्या पायऱ्यांसह समोर बसलेला होता.

अशा बैठकीची नेवासे तालुक्याला जुनी परंपरा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती श्रोत्यांपुढे. त्या ग्रंथातला वक्ता श्रोत्यांना पुनःपुन्हा संबोधतो, त्यांची आर्जवे करतो, त्यांच्या अवधानावर अवलंबून राहतो. सप्ताह, पारायण, पोथी, कीर्तन ही त्या श्रवणाची पुढची रूपे, आणि जत्रेतला तमाशा व तंबूतला सिनेमा ही त्याच आवारातली निराळी रूपे. 'रामायण' मालिका या आवारात आली तेव्हा संचाला हार घातले गेले, उदबत्ती लावली गेली, पाहणारे अंघोळ करून बसले, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. शहरी लेखनात हा भाबडेपणाचा नमुना ठरतो. वस्तुतः तो रूपबंधाचा अचूक ओळखपरेड होता असे म्हणावे लागेल : लोकांनी नव्या यंत्राला जुन्या बैठकीचे नियम लावले. त्या नियमांत भक्तिभाव जसा होता तसा बसण्याचा क्रमही होता. पुढे कोण, मागे कोण, स्त्रिया कोठून, आणि उंबऱ्याबाहेर कोण. अरविंद राजगोपाल यांच्या २००१ च्या अभ्यासाने या मालिकेचा आणि अयोध्येच्या राजकारणाचा संबंध तपासला आहे. तो येथे पुन्हा मांडण्याची गरज नाही. बैठकीचे राजकारण त्याहून जुने आणि त्याहून जवळचे आहे.

त्या काळचे अनेक संच लाकडी पेटीत येत आणि पेटीला सरकते दार असे. काहींना कुलूपही लावता येई. सोनईपासून काही किलोमीटरवर शनिशिंगणापूर आहे, घरांना दारे आणि कुलपे नसलेले गाव म्हणून ख्यात. त्या परिसरात जी वस्तू कुलपासह आली ती दूरदर्शन संच, हा योगायोग सूचक आहे, मात्र त्याचा अर्थ ताणू नये. एवढे खरे की संच उघडणे ही एक कृती होती. ती कोणीतरी एक जण करीत असे, आणि बाकीचे ती होण्याची वाट पाहत. 'आम्ही पाहायचो' या वाक्यात या दोघांना एकच क्रियापद मिळते.

चार

स्मरणाच्या लेखनाचे दुसरे मार्ग मराठीला अपरिचित नाहीत, आणि विशेष असे की त्यांतील दोन श्रेष्ठ ग्रंथ याच जिल्ह्याशी जोडलेले आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील जीवनाचा मोठा भाग अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) आणि सोनईच्या शेजारच्या राहुरीत घडतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्यांचे गाव अकोले तालुक्यातले धामणगाव. दोन्ही ग्रंथांत रंजन भरपूर आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद मराठी गद्यातला एक उत्कर्षबिंदू मानला जातो, आणि 'बलुतं'मध्ये सण, तमाशा, माणसांचे नमुने यांचा रंग उतू जातो. परंतु दोघेही आपण कोठे उभे राहून पाहत आहोत हे विसरू देत नाहीत. लक्ष्मीबाई स्वतःच्या सोवळ्याओवळ्याची थट्टा करतात तेव्हा त्या सोवळ्याच्या आतली आणि बाहेरची जागा वाचकाला दिसते. 'बलुतं'मध्ये तर दगडू पवार आणि दया पवार असे दोन निवेदक समोरासमोर बसवले आहेत. एक आठवतो आणि दुसरा ते ऐकतो, आणि आठवण सांगितली जात असतानाच ती कोणाला सोयीची आहे याचा हिशेब चालू राहतो.

स्वेतलाना बोइम हिने २००१ मध्ये गतकातरतेचे दोन प्रकार सांगितले. एक गेलेले घर पुन्हा बांधू पाहतो, दुसरा त्या गेलेपणावरच रेंगाळून विचार करतो. मराठी दूरदर्शन-स्मरणाला ही वर्गवारी लावली तर ते पहिल्या प्रकारात पडेल. पण बोइमचे घर हे आठवणाऱ्याचेच घर असते. ज्याने दूरदर्शन दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या दारातून पाहिले त्याला परत बांधायचे घर कोणते? ही तिसरी शक्यता दोन्ही प्रकारांत बसत नाही, आणि 'बलुतं'च्या वाचकाला मात्र ती सहज ओळखीची वाटते. समीक्षेने पाश्चात्त्य वर्गवारी उचलण्याआधी आपल्याच आत्मकथनांकडे पाहिले असते तर ती लवकर हाती लागली असती.

साखर कारखान्याच्या परिसरात ही तिसरी जागा ठोस आहे. ऊसतोडणीच्या हंगामात बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू पट्ट्यातून मजुरांच्या टोळ्या कारखान्यांवर येतात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि त्यांच्या पाचटाच्या झोपडीला कोपी. दिवाळीच्या सुमाराला आलेली ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे वर्षाला बावन्न रविवार असलेली मालिका कोपीतल्या मुलाने पाहिलीच, तर ती गावाबाहेरच्या मुक्कामात, पाहुण्या गावात, अर्धी पाहिली. सलग कथानक ही त्याच्या दृष्टीने स्थायिक माणसांची चैन. या मुलांचे बालपण कादंबरीत आणि आत्मकथनांत येऊ लागले आहे. स्मरणरंजनात ते येऊ शकत नाही, कारण त्या रूपबंधाला एक कायमचे घर आणि आठवड्यामागून आठवडा तीच जागा गृहीत धरावी लागते.

बाहेरच्या प्रेक्षकाने केवळ पाहिले असेही नाही. १९८८ च्या उन्हाळ्यात 'रामायण' संपत आले तेव्हा जालंधरमध्ये सफाई कामगारांनी संप केला. मागणी अशी, की रामाच्या राज्याभिषेकाशी कथा थांबवू नये, वाल्मीकींच्या आश्रमातले उत्तरकांड दाखवावे. वाल्मीकींना आपला पूर्वज मानणारा हा समाज होता. संप इतर शहरांत पसरला आणि पुढे 'उत्तर रामायण' प्रसारित झाले. फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी १९९० मध्ये या मालिकेवर लिहिताना या प्रसंगाची दखल घेतली आहे. संहिता कोठे संपावी यावर प्रेक्षकांनी हक्क सांगितल्याचे भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातले हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण, आणि वाचककेंद्री समीक्षेला याहून चांगला दाखला मिळणे कठीण. तरीही मराठी स्मरणरंजनात 'रामायण' हजारदा येते आणि जालंधर येत नाही. रस्ते ओस पडत असत हे सर्वांना आठवते. एरवी ते रस्ते झाडणारे त्या वेळी काय मागत होते, हे नाही.

सोनई हे नाव महाराष्ट्रभर वाचले गेले ते जानेवारी २०१३ मध्ये. गावाच्या परिसरात तीन दलित तरुणांची हत्या झाली. ते याच सफाई काम करणाऱ्या समाजातले होते आणि एकाचे सवर्ण मुलीशी असलेले प्रेमसंबंध हे कारण होते. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. या घटनेचा दूरदर्शनच्या आठवणींशी कार्यकारणसंबंध जोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण सोनईवर, किंवा तिच्यासारख्या कोणत्याही गावावर, 'तेव्हा सगळे गाव एका घरात बसायचे' असे वाक्य यापुढे लिहिताना लेखणी क्षणभर अडखळली पाहिजे. ती अडखळत नसेल तर तो निव्वळ नैतिक दोष नाही, वाङ्मयीन दोषही आहे. 'सगळे' या शब्दाची तपासणी न करणारा निवेदक आपल्या साहित्याला पुरेसा जाणत नाही.

पाच

स्मरणरंजनाची परीक्षा घेणारा एक प्रसंग अनपेक्षितपणे घडून आला. टाळेबंदीच्या काळात, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी प्रेक्षकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले, आणि त्याच महिन्यात जुन्या मालिकांसाठी 'डीडी रेट्रो' ही स्वतंत्र वाहिनीही निघाली. होफरच्या भाषेत बोलायचे तर रुग्णाला घरी परत नेण्यात आले. यानंतर निघालेल्या लेखनात समाधानापेक्षा एक प्रकारची चुकचुक अधिक दिसते : चित्र तेच, पण ती मजा नाही, युद्धातले बाण आता हास्यास्पद वाटतात, मुले मध्येच उठून जातात. वस्तू परत आली आणि हुरहूर तशीच राहिली. हुरहूर बैठकीची होती आणि टाळेबंदीने नेमकी बैठकच बंद केली होती. या लेखनातली चुकचुक प्रामाणिक आहे, मात्र तिचे कारण मालिकेच्या जुनाटपणात शोधण्याची तिची रीत बरोबर नाही.

त्याच वेळी एक दुसरा प्रेक्षकही ही मालिका पाहत होता. १९८७ मध्ये ज्याने ती खिडकीच्या गजांतून किंवा ओसरीच्या पायरीवरून पाहिली, त्याने २०२० मध्ये ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसून, हवे तेव्हा उठून पाहिली. एका प्रेक्षकाने जी एकत्रता गमावली, तिच्यापासून दुसऱ्याची सुटका झाली होती. स्वस्त झालेले संच, केबल, आणि नंतर छपरांवरच्या तबकड्या यांना सांस्कृतिक ऱ्हासाची चिन्हे मानणे हे शहरी स्मरणरंजनाचे आवडते विधान आहे. वस्तीवरच्या घरात आलेला पहिला संच या विधानात कोठेच बसत नाही. त्याचा ललित लेख अजून लिहिला गेलेला नाही. तो लिहिला गेला तर तो गतकातर असणार नाही, आणि तरीही रंजक असू शकेल.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या मालिकांना अभिजात म्हटले जाते त्यांतील बहुतेक स्वतःच भूतकाळाकडे तोंड करून होत्या. चिं. वि. जोशी यांनी स्वातंत्र्यपूर्व काळातल्या पुणेरी मध्यमवर्गाचा जो संसार रंगवला, तो चिमणरावांच्या रूपाने चार-पाच दशकांनी पडद्यावर आला. 'बुनियाद'मध्ये फाळणीपूर्व लाहोर होते. शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज'मध्ये तर आर. के. नारायण यांनी कल्पिलेले, कधीच नसलेले गाव होते. म्हणजे आजचे स्मरणरंजन हे स्मरणरंजनाचे स्मरणरंजन आहे. सोनईसारख्या गावात, जिथे समोरच्या रस्त्यावर नुकतेच कारखान्याचे ट्रॅक्टर आणि ट्रक दिसू लागले होते, तिथल्या मुलाला पडद्यावर लाहोरचे वाडे आणि मालगुडीचे स्टेशन दाखवले जात होते. त्याचा स्वतःचा काळ, सहकाराचा, कालव्यांचा, निवडणुकांचा आणि भारनियमनाचा काळ, पडद्यावर क्वचितच आला. म्हणून त्याच्या दूरदर्शन-आठवणीत त्याचे गाव पडद्याच्या अलीकडे असते, बसलेले. पलीकडे नसते.

याला एक अपवाद होता आणि तो सहसा गाळला जातो. शालेय मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम बनवणारी पुण्याची 'बालचित्रवाणी' ही संस्था १९८४ मध्ये उपग्रहयोजनेचा भाग म्हणून सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. तिचे कार्यक्रम सकाळच्या वेळी दूरदर्शनवरून दाखवले जात. तिच्या कार्यक्रमांचा अपेक्षित प्रेक्षक पाठ्यपुस्तक पुढे घेऊन बसलेला महाराष्ट्रातला, बहुतांशी खेड्यातला, शाळकरी मुलगा किंवा मुलगी होती. या पिढीला उद्देशून, तिच्या भाषेत बोलणारे असे दुसरे फारसे काही त्या पडद्यावर नव्हते. शहरी आठवणींत बालचित्रवाणीची धून तेवढी उरते, तीही आजारपणामुळे शाळा बुडवून घरी पडून राहिलेल्या दिवसांची खूण म्हणून. ज्यांच्यासाठी ते कार्यक्रम होते त्यांच्यातल्या काहींनी ते शाळेच्या खोलीत पाहिले. तिथे संच कोणाच्या मालकीचा नव्हता, दार उघडण्यासाठी कोणाची मर्जी लागत नव्हती, आणि पुढे कोणी बसायचे हे इयत्तेवरून व उंचीवरून ठरत असे. ती मुले आता चाळिशीत आहेत आणि त्यांच्यातले काही लिहू लागले आहेत.